गोव्याच्या ताटासोबत साके : पाच बाटल्यांचे परीक्षण

गोव्यात साके, म्हणजे तांदूळ आंबवून बनवलेले जपानी मद्य, मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. पणजीतील आणि किनारपट्टीवरील मोठ्या मद्यविक्रीच्या दुकानांत एखाद-दुसरी जपानी बाटली मांडलेली दिसते आणि आसगाव, हणजूण भागातील आशियाई पद्धतीच्या उपाहारगृहांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा मिळू लागली आहे. मात्र ती विकत घेऊ पाहणाऱ्याला सल्ला मिळतो तो बहुधा एकच : तांदूळ जितका जास्त घासलेला तितकी साके उंची, आणि उंची साके नेहमी थंडगार प्यावी. बाटली एकटी, जेवणाशिवाय चाखली तर या सल्ल्यात तथ्य आहे. परंतु मासळी, खोबरे, आमसूल आणि तेफळ यांनी भरलेल्या ताटासोबत चाखली की हा क्रम टिकत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि पुढील परीक्षण त्या मताच्या आधारानेच लिहिले आहे.

परीक्षणासाठी निवडलेल्या पाच बाटल्या पाच वेगवेगळ्या घराण्यांच्या आहेत : हाक्काइसान तोकुबेत्सु होंजोझो, दास्साई ४५, तेंगुमाई यामाहाई जुनमाई, किकु-मासामुने तारुझाके आणि हाकुत्सुरू यांची सायुरी निगोरी. यांतील काही येथील दुकानांतून घेतल्या, तर काही जपानहून येणाऱ्या आप्तांनी सामानातून आणल्या. त्या आमच्या फोंड्याच्या घरी, घरच्याच जेवणासोबत, एकाच बाटलीला वेगवेगळे तापमान देऊन चाखल्या आहेत.

आधी थोडे साके बनते कशी याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण चवीतील जवळजवळ प्रत्येक फरक तेथूनच येतो. साके ही भट्टीवर गाळलेली दारू नाही, त्यामुळे फेणीपेक्षा तिचे नाते वाईन आणि बिअर यांच्याशी अधिक जवळचे आहे. द्राक्षात साखर आयती असते. बिअरसाठी जवाला मोड आणून, त्याच्या पिष्टाची साखर करून घेऊन मग ती आंबवतात. साकेत या दोन्ही क्रिया एकाच पिंपात आणि एकाच वेळी चालू राहतात : वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली कोजी ही बुरशी पिष्टाची साखर करत जाते आणि यीस्ट ती साखर तयार होईल तसतशी संपवत जाते. साखरेचा साठा एकदम न वाढता हळूहळू मिळत राहिल्यामुळे यीस्ट दीर्घकाळ काम करते, आणि मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. आंबवून तयार होणाऱ्या पेयांत हे प्रमाण फार मोठे आहे. बाटलीत भरण्यापूर्वी बहुतेक साकेत पाणी मिसळून ते १५ ते १६ टक्क्यांवर आणतात. कोजीच्या साहाय्याने साके बनवण्याच्या जपानी पारंपरिक कौशल्याला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

तांदूळ घासण्याचे कारण असे की दाण्याच्या बाहेरील थरांत प्रथिने आणि स्निग्धांश अधिक असतात. प्रथिनांपासून अमिनो आम्ले तयार होतात, ती साकेला रसाळपणा आणि जडपणा देतात. स्निग्धांश मात्र यीस्टने निर्माण केलेल्या फळांसारख्या सुगंधाला दाबून टाकतो. बाहेरचा भाग काढून दाण्याच्या पोटातील पांढऱ्या पिष्टापर्यंत जावे, तसतशी साके हलकी आणि सुवासिक होत जाते. लेबलावर जो आकडा असतो तो घासून उरलेल्या दाण्याचा असतो. म्हणजे ६० असे लिहिले असेल तर दाण्याचा ४० टक्के भाग काढून टाकला आहे. गिंजो म्हणवून घेण्यासाठी हा आकडा ६० किंवा त्याखाली, दाइगिंजोसाठी ५० किंवा त्याखाली, आणि होंजोझोसाठी ७० किंवा त्याखाली असावा लागतो. नावात जुनमाई हा शब्द असेल तर साकेत तांदूळ, कोजी, पाणी आणि यीस्ट यांखेरीज वेगळा मद्यार्क मिसळलेला नाही असे समजावे. ही वर्गवारी १९९० पासून लागू आहे. त्यापूर्वी कराच्या सोयीसाठी विशेष, पहिला आणि दुसरा असे दर्जे होते, ते १९९२ मध्ये रद्द झाले. नव्या वर्गवारीत साके कशी बनवली आहे याची माहिती मिळते, आणि ही बाब दुकानदार अनेकदा विसरतात : तिच्यात कोणती साके अधिक चवदार हे सांगितलेले नाही.

पहिली बाटली हाक्काइसान. निइगाता प्रांतातील मिनामी-उओनुमा येथे १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या मद्यशाळेच्या परिसरात हिवाळ्यात प्रचंड हिमवर्षाव होतो, आणि त्या बर्फाच्या मऊ पाण्याचा तेथील साकेच्या स्वभावाशी जवळचा संबंध आहे. मऊ पाण्यात यीस्टला लागणारी खनिजे कमी असल्याने आंबण्याची क्रिया सावकाश होते. निइगाताची साके साधारणपणे स्वच्छ, कोरडी आणि घशाखाली गेल्यावर मागे काही न ठेवणारी असते. हाक्काइसानच्या या होंजोझोसाठी तांदूळ ५५ पर्यंत घासलेला आहे, म्हणजे नियमाने मागितला त्याहून बराच अधिक.

होंजोझोबद्दल आपल्याकडे आणि जपानमध्येही एक अढी आढळते, ती अशी की ज्या साकेत वरून मद्यार्क घातला ती भेसळीचीच. या अढीला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात तांदळाच्या टंचाईमुळे साकेत मद्यार्क, साखर आणि आम्ले घालून तिचे प्रमाण तिप्पट करण्याची रीत पडली आणि ती दीर्घकाळ चालू राहिली. होंजोझोतील मद्यार्काची गोष्ट निराळी आहे. त्याचे प्रमाण वापरलेल्या तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये असा नियम आहे, आणि तो गाळण्याच्या जरा आधी घालतात, कारण सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा मद्यार्कात अधिक चांगली विरघळतात आणि मग चोथ्यात अडकून न राहता साकेत उतरतात. हाक्काइसान थंड चाखली तेव्हा वास अगदी मंद होता, जिभेवर ती पाण्यासारखी सरळ उतरली, आणि शेवटी किंचित कडसर कोरडेपणा जाणवला. तळलेल्या मुडदुशीसोबत हाच कोरडेपणा कामाला आला : रव्याच्या कवचातील तेल प्रत्येक घोटाने धुऊन निघत होते आणि माशाची नाजूक गोडी मात्र शाबूत राहत होती. साधारण ४० अंशांपर्यंत कोमट केल्यावर तिच्यात तांदळाची हलकी गोडी उमटली, जी थंड असताना लपलेली होती. ही बाटली कोणालाही चकित करणार नाही. जेवणभर सोबत राहील आणि दुसऱ्या दिवशीही हवीशी वाटेल, हा तिचा गुण मला मोलाचा वाटतो.

दास्साई ४५ विषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण भारतात साके म्हटल्यावर आता सर्वाधिक हीच पुढे केली जाते आणि तिच्याविषयीच्या अपेक्षाही सर्वाधिक असतात. यामागुची प्रांतातील इवाकुनीजवळच्या डोंगराळ खेड्यात ही बनते. तेथे पारंपरिक पद्धतीचा प्रमुख कारागीर, ज्याला तोजी म्हणतात, तो नाही. कर्मचारी बारमाही साके बनवतात आणि तापमान, साखर, आम्ल यांच्या रोजच्या नोंदींवरून निर्णय घेतात. हिवाळ्यातच आणि तोजीच्या हाताखालीच चांगली साके होते असे मानणाऱ्यांना हे रुचले नाही. परंतु पेल्यातील द्रव पाहिला तर त्या पद्धतीविरुद्ध बोलायला जागा उरत नाही. तांदूळ केवळ यामादा निशिकी जातीचा वापरतात. ही जात ह्योगो प्रांतात १९२३ मध्ये संकरातून निर्माण झाली आणि १९३६ मध्ये तिला हे नाव मिळाले. तिचा दाणा मोठा, पोटातील पांढरा भाग स्पष्ट आणि प्रथिनांचे प्रमाण कमी असल्याने एवढे घासूनही तो सहसा फुटत नाही.

ही बाटली वाईनच्या पेल्यात, साधारण १० ते १२ अंशांवर चाखली. पेला नाकाजवळ आणताच पिकलेल्या चिबुडाचा वास आला, त्यामागे हिरव्या सफरचंदाचा. हा वास कोणी वरून घातलेला नसतो. कमी तापमानात, अन्नाच्या टंचाईत काम करणारे यीस्ट एथिल कॅप्रोएट नावाचे द्रव्य तयार करते, आणि त्याचा हा गंध आहे. जिभेवर सुरुवातीला गोडवा, मध्ये रेशमी भार, आणि मग अनपेक्षित जलद स्वच्छ शेवट. माझा धाकटा भाऊ दोन घोट घेऊन म्हणाला, “ताई, ही तांदळाची आहे हे तू सांगितले नसतेस तर मला कधीच कळले नसते.” त्याने ते कौतुकाने म्हटले होते आणि ते कौतुक योग्यच होते. एकटी चाखण्यासाठी या पाच बाटल्यांत दास्साईला तोड नाही, असे मी नि:संकोचपणे लिहिते.

जेवणाचे ताट समोर आले तेव्हा मात्र चित्र पालटले. सुंगटांच्या हुमणात ओल्या खोबऱ्याचा गोडवा, सुक्या मिरचीचा तिखटपणा आणि आमसुलाचा आंबटपणा हे तिन्ही एकाच वेळी बोलत असतात. त्यांच्यापुढे चिबुडाचा तो वास उसना वाटू लागला. साकेतील गोडवा खोबऱ्याच्या गोडव्याला मिळून दोन्ही बेचव झाले आणि शेवटचा स्वच्छपणा तिखटात हरवला. हा दास्साईचा दोष मी मानत नाही. जपानी जेवणात ती ज्या पदार्थांशेजारी ठेवली जाते, त्या कच्च्या पांढऱ्या माशात किंवा हलक्या मिठाच्या कालवांत, तिला अडवणारे काही नसते. आपल्याकडे तिची योग्य जागा जेवणाच्या आधी आहे. ज्यांना तरीही ती जेवणात हवी असेल त्यांनी माणक्या मिठाच्या पाण्यात अगदी थोडा वेळ उकडून, लिंबाच्या दोन थेंबांसह खाऊन पाहाव्यात. त्या मेळात साकेचा गोडवा माणकीच्या गोडव्याला उठाव देतो, कारण तिसरे कोणी मध्ये येत नाही.

आता तेंगुमाई. होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील इशिकावा प्रांतात, हाकुसान येथील शाता यांची ही मद्यशाळा १८२३ पासूनची आहे, आणि यामाहाई पद्धतीच्या साकेसाठी तिचे नाव आदराने घेतले जाते. यामाहाई म्हणजे काय हे समजल्याशिवाय या बाटलीतील चव कळत नाही. साकेचे मोठे पीप आंबवण्यापूर्वी एका लहान पिंपात यीस्टची दाट फौज तयार करून घेतात. हवेतील अनिष्ट जंतूंना दूर ठेवण्यासाठी त्या पिंपात लॅक्टिक आम्ल असावे लागते. जुन्या किमोतो पद्धतीत थंडीच्या रात्री कारागीर लाकडी दांड्यांनी तांदूळ आणि कोजी घोटत, आणि मग मद्यशाळेतील नैसर्गिक लॅक्टिक जंतू हळूहळू ते आम्ल तयार करत. सरकारी मद्य-संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९०४ मध्ये झाली होती, १९०९ मध्ये दाखवून दिले की पाणी आणि तापमान नीट सांभाळले तर घोटण्याचे कष्ट टाळूनही तोच परिणाम साधतो. घोटणे वगळलेली ही पद्धत म्हणजे यामाहाई. त्यानंतर लवकरच तयार लॅक्टिक आम्ल वरून घालण्याची जलद पद्धत आली आणि आज बहुतेक साके तिनेच बनते. जलद पद्धतीत यीस्टची तयारी सुमारे दोन आठवड्यांत होते, यामाहाईत सुमारे चार आठवडे लागतात. त्या वाढीव काळात अनेक प्रकारचे जंतू एकामागून एक येऊन जातात आणि त्यांच्यामागे अधिक आम्ल, अधिक अमिनो आम्ले आणि रानटी म्हणावा असा गंध राहतो.

चाखण्यासाठी जपानी परीक्षक पांढऱ्या चिनी मातीचा पेला वापरतात, ज्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळे असतात. पांढऱ्या भागावर रंग दिसतो, निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर द्रव किती पारदर्शक आहे ते समजते. हाक्काइसानमध्ये ती वर्तुळे जणू कोरड्या पेल्यात असावीत इतकी स्पष्ट होती. तेंगुमाई ओतल्यावर पांढऱ्या तळावर फिकट सोनेरी झाक आली. रेषा स्पष्टच होत्या, पण पेला हलवला की द्रव कडेवरून सावकाश उतरत होता. वास घेतल्यावर फळ नाही, फूल नाही. भाजलेले धान्य, अळंबी आणि लोणी काढलेल्या ताज्या ताकाची आठवण करून देणारा आंबूस गंध. थंड असताना चाखली तर आम्ल टोचते आणि अनेकांना ती तेथेच नकोशी होईल. ती गरम करूनच प्यायली पाहिजे.

साके गरम करण्याची रीत सोपी आहे, पण घाईने बिघडते. तोक्कुरी, म्हणजे अरुंद गळ्याची मातीची सुरई, गळ्यापर्यंत भरावी. टोपात पाणी उकळी येण्याच्या जरा आधीपर्यंत तापवून आच बंद करावी आणि सुरई त्या पाण्यात तीन-चार मिनिटे उभी ठेवावी. सुरईच्या तळाला बोट लावल्यावर ऊबदार पण सहज सोसवेल असे वाटले म्हणजे साके साधारण ४५ अंशांवर आलेली असते. जपानी लोक ३५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंत दर पाच अंशांच्या पायरीला स्वतंत्र नाव देतात, आणि तो भेद केवळ हौसेचा नाही. ४० आणि ५० अंशांवरील तेंगुमाई ही दोन वेगळी पेये आहेत. पहिल्यात आम्ल गोलसर होऊन रस पुढे येतो, दुसऱ्यात धान्याचा वास आणि कोरडेपणा. मला ४५ अंश सर्वांत योग्य वाटले. काही उपाहारगृहांत साके वाफाळेपर्यंत तापवून आणतात. तशी आणली तर मद्यार्काची वाफ नाकाला झोंबते आणि बाकी सारे संपते. ती परत पाठवून कोमट मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

ऊन तेंगुमाईसोबत आमच्या ताटात तेफळे घातलेले बांगड्याचे हुमण होते, आणि या सर्व परीक्षणातील सर्वांत मोठा आनंद तेथे मिळाला. बांगडा हा तेलकट, उग्र वासाचा मासा. त्याच्यासोबत पांढरी वाईन प्यायली की कित्येकदा तोंडात लोखंडी, खवट चव येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात त्याचे कारण वाईनमधील लोह असल्याचे दिसून आले : लोहामुळे माशातील तेलाचे घटक झटपट बदलून मासकट वासाची द्रव्ये तयार होतात. साके बनवणारे लोहाला पूर्वीपासून शत्रू मानतात, कारण त्याने साकेचा रंग आणि वास बिघडतो. म्हणून पाण्यातील लोह दर लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा तेथील दंडक आहे, जो पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक आहे. दुसरे कारण रसाचे. बांगड्यात इनोसिनेट भरपूर असते आणि यामाहाईत ग्लुटामिक आम्ल. ही चव देणारी दोन द्रव्ये एकत्र आली की प्रत्येकाच्या एकट्या चवीच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक भरीव चव लागते. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे करून ज्या चवीला उमामी म्हटले, तीच ही.

आणि तेफळ. आपले तेफळ आणि जपानचा सांशो ही झांथोझायलम या एकाच वनस्पती-प्रजातीतील दोन झाडांची फळे आहेत. जपानमध्ये भाजलेल्या वाम माशावर सांशोची पूड भुरभुरतात, आपण बांगड्याच्या रसात तेफळे ठेचून घालतो. दोन्हीकडे हेतू एकच, तेलकट माशाचा उग्रपणा आवरण्याचा. जिभेला आलेली तेफळाची बारीक झिणझिणी ऊन साकेच्या घोटाने शमत नव्हती, उलट तिच्याभोवती धान्याची गोडी पसरत होती आणि पुढचा घास अधिक हवासा वाटत होता. मिरचीचा तिखटपणा ऊन मद्याने वाढेल अशी मला शंका होती आणि तो थोडा वाढलाही, म्हणून हुमणात मिरची नेहमीपेक्षा जरा बेताने घालावी असे सुचवेन. दुसऱ्या दिवशी सुक्या सुंगटांच्या किसमुरीसोबत तीच बाटली चाखली. वाळवलेल्या सुंगटांचा खारा, घट्ट वास आणि यामाहाईचा रानटीपणा एकमेकांना पेलणारे निघाले. दास्साई या किसमुरीपुढे उभीसुद्धा राहू शकली नसती.

तारुझाके, म्हणजे लाकडी पिंपात ठेवलेली साके, ही बाटली वेगळ्या कारणासाठी ठेवावी. कोबेजवळचा नादा हा प्रदेश कठीण, खनिजयुक्त मियामिझु पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हे पाणी आंबण्याची क्रिया जोमाने चालवते आणि साके ठणठणीत करते, म्हणून क्योतोतील फुशिमीच्या मऊ पाण्यावरील साकेच्या तुलनेत नादाच्या साकेला पुरुषी म्हणण्याची तेथे पद्धत आहे. नादाची साके एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पिंपे भरलेल्या जहाजांतून जात असे आणि समुद्रप्रवासात देवदारासारख्या सुवासिक सुगी लाकडाचा वास तिच्यात मुरत असे. १६५९ मध्ये स्थापन झालेल्या किकु-मासामुने यांनी तो वास योशिनोच्या सुगी लाकडाच्या पिंपांत साके ठेवून जाणीवपूर्वक मिळवला आहे. ओला लाकूडभुसा, किंचित पुदिन्यासारखा थंडावा आणि मागे कोरडी, सरळ साके. तिसऱ्यांच्या सुक्यात खोबरे भाजून घातलेले असेल तर हा लाकडी वास त्या भाजलेल्या वासाला धरून राहतो. भाजलेला बांगडा असेल तरीही चालेल. मात्र खतखत्यासोबत ती मुळीच जमली नाही. भाज्यांची गोडी आणि लाकूड यांचे दोन सूर वेगळेच लागले. बर्फ घालू नये, खोलीच्या तापमानापेक्षा जरा थंड ठेवावी.

सायुरी निगोरी गुलाबी बाटलीतील दुधाळ साके आहे. मद्यार्क साडेबारा टक्के. जाड छिद्रांच्या कापडातून गाळल्यामुळे तांदळाचे बारीक कण तिच्यात राहतात, म्हणून ओतण्यापूर्वी बाटली उलटी करून हळुवार हलवावी. गोड, मऊ, जिभेवर किंचित पिठूळ, आणि तिखटाला शांत करणारी असल्याने कोंबडीच्या शागोतीसोबत थंडगार दिली तर साके प्रथमच चाखणाऱ्यांना ती आवडते. माझ्यासाठी एक पेला पुरेसा होतो. गोडीपलीकडे तिच्यात शोधण्यासारखे फारसे नाही.

आता खरेदीविषयी, कारण गोव्याच्या हवेत हा भाग चवीइतकाच महत्त्वाचा आहे. साकेत वाईनइतके आम्ल नसते आणि ती सहसा जुनी करून पिण्यासाठी बनवलेली नसते. उष्णता आणि प्रकाश हे तिचे वैरी आहेत. किनारपट्टीवरील एका दुकानात काचेच्या दर्शनी कपाटात, दुपारचे ऊन थेट येईल अशा जागी मांडलेली गिंजोची बाटली मी घेतली होती. उघडली तेव्हा साके पिवळट झालेली होती आणि फळाच्या वासाऐवजी जळक्या साखरेचा व उकडलेल्या कोबीचा वास येत होता. बाटली आता उघडलेली आहे असे सांगून दुकानदाराने ती परत घेण्यास नकार दिला. आयात शुल्कामुळे या बाटल्या स्वस्त नसतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. बाटली सावलीत किंवा शीतकपाटात ठेवलेली आहे का, आणि लेबलावर छापलेली बाटली भरल्याची तारीख कोणती आहे. गिंजो आणि दाइगिंजो एक वर्षाच्या आतील असाव्यात. नामाझाके, म्हणजे जंतू मारण्यासाठी साधारण ६५ अंशांपर्यंत तापवण्याची क्रिया न केलेली साके, कारखान्यापासून घरापर्यंत अखंड थंडाव्यात आली असल्याची खात्री नसेल तर गोव्यात घेऊ नये. उराकाच्या हंगामाची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना तिचा ताजेपणा मनापासून आवडेल यात मला शंका नाही, आणि तशी थंड साखळी येथे उभी राहावी अशी माझी इच्छा आहे.

उघडलेली दास्साई शीतकपाटात ठेवून आठवड्याभरात संपवावी, नंतर चिबुडाचा वास विरतो. हाक्काइसान आणि तारुझाके त्याहून थोड्या अधिक टिकतात. तेंगुमाई उघडल्यानंतर दोन-तीन आठवडे शीतकपाटात निवांत राहते, आणि पहिल्या दिवशी टोचणारे तिचे आम्ल तेवढ्या काळात बरेच निवळलेले आढळले. एकच बाटली घ्यायची असेल आणि घरी मासळी नेहमी होत असेल, तर दुकानात यामाहाई किंवा किमोतो असे लिहिलेली जुनमाई मागावी. तेंगुमाई नसेल तर फुकुशिमाच्या दाइशिचीची किमोतो चालेल, आणि तीही नसेल तर हाक्काइसान घ्यावी.